गाडी येईपर्यंत

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या, म्हणजे अत्यवस्थ रुग्णासाठी कृत्रिम श्वसनयंत्रासारखी साधने बाळगणाऱ्या. उरलेल्या ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या, म्हणजे प्राणवायू आणि प्रथमोपचार देत रुग्णाला सुरक्षितपणे रुग्णालयापर्यंत नेणाऱ्या होत्या. राज्यातून कोठूनही केलेला दूरध्वनी पुण्यातील औंध येथील नियंत्रण कक्षात पोहोचतो, तेथून घटनास्थळाच्या जवळची गाडी निघते आणि त्या गाडीत डॉक्टर असतो, ही महाराष्ट्राच्या सेवेची विशेष जमेची बाजू आहे. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत आरंभ झालेली १०८ ची कल्पना राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आधाराने देशभर पसरली आणि आज ती राष्ट्रीय रुग्णवाहिका सेवेचा कणा आहे. या सेवेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो दूरध्वनी ठेवल्यापासून गाडी दारात उभी राहीपर्यंतच्या वेळेचा, आणि तो वेळ कोणाच्या भरवशावर जातो याचा.

राष्ट्रीय निकषानुसार एक लाख लोकसंख्येमागे एक मूलभूत आणि पाच लाखांमागे एक प्रगत रुग्णवाहिका अपेक्षित आहे. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे तालुक्याची लोकसंख्या एक ते दीड लाखाच्या दरम्यान असल्याने या हिशेबाने तालुक्याच्या वाट्याला साधारण एक मूलभूत गाडी येते, तर प्रगत गाडी शेजारच्या तालुक्यांबरोबर वाटून घ्यावी लागते. कागदावर हे प्रमाण वाजवी दिसते. परंतु धामणगावहून अमरावतीचे इर्विन रुग्णालय बरेच दूर आहे, आणि रुग्णाला तेथे पोहोचवून, त्याची कागदपत्रे व ताबा देऊन, गाडी साफ करून परत येईपर्यंत काही तास सहज जातात. तेवढ्या काळात मंगरूळ दस्तगीर, अंजनसिंगी किंवा तळेगाव दशासर भागात दुसरा रुग्ण गंभीर झाला, तर नियंत्रण कक्षाला चांदूर रेल्वेकडील किंवा त्याहून दूरची गाडी पाठवावी लागते. रुग्णाला वर्धा नदीपलीकडे सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात न्यायचे ठरले, तरी गणित फारसे बदलत नाही. गर्भवती आणि नवजात बालकांसाठी २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली १०२ क्रमांकाची वेगळी मोफत सेवा आहे, परंतु अपघात, सर्पदंश वा हृदयविकाराच्या रुग्णासाठी ती उभारलेली नाही.

हा रिकामा वेळ वऱ्हाडात माणसे भरून काढतात. गावातल्या ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याला रात्री दोन वाजता उठवले जाते, ऑटोवाला भाडे न बोलता निघतो, आशा स्वयंसेविका सोबत बसते आणि रक्ताची गरज पडणार असे दिसताच रक्तदात्यांच्या गटात निरोप फिरतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाने आणि गाडगेबाबांच्या शिकवणुकीने या जिल्ह्यात श्रमदानाची व रुग्णसेवेची जी सवय रुजवली, तिचा हा सरळ वारसा आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभे केलेले कामही समाजाच्या आधारावर वाढले. अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक पुरात, बुडण्याच्या घटनांत आणि अपघातांत प्रशासनाच्या हाकेला धावून जाते. स्थानिक तरुणांना प्रशिक्षण, साधने आणि शिस्त मिळाली की ते काय करू शकतात, याचा तो जवळचा दाखला आहे.

तथापि समाजाच्या या आधाराचा मोठा भाग आज एकाच गोष्टीकडे वळतो, आणि ती म्हणजे रुग्णवाहिका विकत घेऊन तिचे लोकार्पण करणे. लोकप्रतिनिधींचा निधी, पतसंस्थांचा नफा, एखाद्या कुटुंबाने आईवडिलांच्या स्मृतीप्रीत्यर्थ दिलेली देणगी, मंडळाची लोकवर्गणी अशा अनेक वाटांनी गाड्या येतात आणि देणाऱ्यांची भावना खरी असते. परंतु गाडीची किंमत एकदाच मोजावी लागते, तिचा खर्च मात्र दर महिन्याला येतो. चोवीस तास गाडी उपलब्ध ठेवायची तर एक चालक पुरत नाही, पाळीपाळीने किमान दोन-तीन लागतात. डिझेल, विमा, योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण, टायर, बॅटरी, प्राणवायूच्या सिलिंडरची भरती आणि निर्जंतुकीकरण हे सर्व त्यावर वेगळे. या खर्चासाठी फलकावर नाव लागत नाही, म्हणून त्यासाठी देणगीदारही सहजी मिळत नाही. परिणामी काही वर्षांत अशी गाडी एक तर डिझेलच्या पैशासाठी रुग्णाच्या नातेवाइकांपुढे हात पसरते किंवा कोणाच्या तरी अंगणात उभी राहते. याहून गंभीर बाब अशी की त्या गाडीत प्रशिक्षित माणूस नसतो, म्हणून ती रुग्णाला केवळ वाहून नेते. आणि ती कोठे उभी आहे, आज चालू आहे की बंद, हे औंधच्या नियंत्रण कक्षाला ठाऊक नसते. ज्या तालुक्यात आधीच एखादी देणगीची गाडी आहे, तेथे दुसरी गाडी घेण्याऐवजी पहिल्या गाडीच्या चालकांचे पाच वर्षांचे वेतन आणि त्यांचे प्रशिक्षण यांची तजवीज करणारा दाता अधिक जीव वाचवील, असे निःसंकोचपणे म्हणता येते.

समृद्धी महामार्गाने या प्रश्नाला नवे रूप दिले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि अमरावती जिल्ह्यात तो धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे व नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. जुन्या रस्त्यावर अपघात झाला की फाट्यावरचा चहावाला, पंक्चर काढणारा, शेतातला कास्तकार असे सगळे पहिल्या काही मिनिटांत पोहोचत. समृद्धीवर मात्र प्रवेश ठरावीक ठिकाणांवरूनच होतो, दोन्ही बाजूंना कुंपण आहे आणि दुचाकीला बंदी आहे. म्हणजे ज्या वाहनावर गावातला स्वयंसेवक सर्वांत लवकर निघू शकतो, तेच तेथे चालत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा आगीत प्रत्येक मिनिटाची किंमत किती असते हे त्या रात्रीने दाखविले, आणि महामार्गालगतच्या गावांतील प्रशिक्षित तरुणांना आपत्तीच्या वेळी प्रवेशद्वारांवरून कसे सोडायचे, याची लेखी कार्यपद्धती तालुका पातळीवर असणे त्यामुळेच अगत्याचे ठरते.

मदत करणाऱ्याच्या मनातील पोलीस ठाण्याची व न्यायालयाची भीती कायद्याने बरीच दूर केली आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीवर जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि तिला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्येच या आशयाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले होते. ग्रामपंचायतीच्या फलकावर हे संरक्षण चार ओळींत लिहिलेले असावे, इतके ते साधे आणि उपयोगी आहे.

खरी उणीव पहिल्या मिनिटांतील ज्ञानाची आहे. हृदय थांबलेल्या प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहणे, ज्याला वैद्यकीय भाषेत सीपीआर म्हणतात, हे कोणताही धडधाकट माणूस थोड्या सरावाने शिकू शकतो. सर्पदंश झालेल्या अवयवाला घट्ट दोरी बांधू नये, जखम कापू नये, अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिसर्पविष असलेल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा धामणगावच्या ग्रामीण रुग्णालयात आधी न्यावे आणि अमरावतीचा विचार त्यानंतर करावा, एवढे कळणारा एक माणूस गावात असला तरी नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाच्या विषाविरुद्धची निम्मी धावपळ योग्य दिशेने होते. फवारणीच्या विषबाधेचेही तसेच आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा रुग्णाचे भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुणे आणि औषधाचा डबा डॉक्टरला दाखविण्यासाठी सोबत नेणे या गोष्टी शेताच्या धुऱ्यावरच व्हायला हव्यात.

आयर्लंडमध्ये राष्ट्रीय रुग्णवाहिका सेवेशी जोडलेले गावोगावचे प्रथम प्रतिसादक गट आहेत. प्रथम प्रतिसादक म्हणजे गाडीच्या आधी पोहोचून प्राथमिक उपचार सुरू करणारा प्रशिक्षित शेजारी. दूरध्वनी आला की नियंत्रण कक्ष गाडीबरोबर त्यालाही निरोप देतो. त्या रचनेतील घेण्यासारखी बाब ही की स्वयंसेवक तेथे शासकीय सेवेची जागा घेत नाही, तिच्या यादीत असतो, तिच्याकडून शिकतो आणि तिला उत्तरदायी राहतो. महाराष्ट्रात स्वयंसेवकांच्या उत्साहाकडे बोट दाखवून गाड्यांची वा डॉक्टरांची संख्या रोखली गेली, तर तो त्या उत्साहाचा गैरवापर ठरेल. निकषाप्रमाणे गाड्या देणे हे शासनाचे काम आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे.

धामणगाव तालुक्यापुरते बोलायचे तर आरंभ लहान असू शकतो. प्रत्येक गावातून आशा स्वयंसेविका, एक वाहनचालक आणि दोन तरुण अशी नावे ग्रामसभेने ठरवावीत, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यांचे प्रशिक्षण ग्रामीण रुग्णालयात घ्यावे, आणि ही यादी तसेच देणगीतून आलेल्या चालू रुग्णवाहिकांची ठिकाणे नियंत्रण कक्षाकडे नोंदवावीत. पेरणीबरोबर साप बाहेर पडतात आणि त्यापाठोपाठ फवारणी सुरू होते, त्यामुळे प्रशिक्षणाची पहिली फेरी मे महिन्यात, कास्तकारांच्या हाताला थोडी उसंत असताना, आटोपली पाहिजे.