गणपतीला गावी निघण्याआधी स्पीड लिमिटर समजून घ्या



गणपती तोंडावर आले आहेत. पनवेल सोडलं की वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर, चिपळूण, हातखंबा, लांजा, कणकवली अशी गाड्यांची रांग आता लागेल. स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. निघायच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा, गाडी बिल्डिंगखाली उभी असतानाच तिच्यातला स्पीड लिमिटर शोधा आणि तो काय करतो, काय करत नाही, हे नीट समजून घ्या. गेल्या काही वर्षांत आलेल्या बऱ्याच गाड्यांत तो आहे. पण शोरूममधून गाडी घेताना टचस्क्रीन आणि सनरूफ सगळे दाखवतात, हे बटण क्वचितच कोणी दाखवतं.

मुंबई-गोवा महामार्गासाठी मी एवढा आग्रह धरतोय त्याला कारण आहे. पनवेल ते इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाला 2011 साली सुरुवात झाली. तेव्हापासून या रस्त्यावर एकसारखेपणा असा राहिलाच नाही. मैलोन् मैल गुळगुळीत सिमेंट काँक्रीट मिळतं, आणि वळण घेतलं की समोर डायव्हर्जन, अरुंद सर्व्हिस रोड, नाहीतर खड्ड्यांनी भरलेला जुना पट्टा. मोकळ्या काँक्रीटवर गाडीचा आवाज वाढत नाही, हादरे बसत नाहीत. गाडीत आरत्या चालू असतात, मुलं गप्पा मारत असतात, आणि काटा 80 वरून 100 वर कधी गेला हे चालवणाऱ्याला कळतही नाही. त्यात श्रावण-भाद्रपदातला पाऊस आणि रात्रीचा प्रवास. समोरचा बॅरिकेड दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ताशी 100 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद तरी जातोच, आणि त्या सेकंदात गाडीचा वेग जराही कमी झालेला नसतो.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्ते अपघातांत गेली, आणि त्यातल्या 70 टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेगाचं कारण नोंदलेलं आहे. हे सगळेच मुद्दाम गाडी पळवणारे नव्हते. नकळत वेग वाढू देणारी तुमच्या-आमच्यासारखी माणसंही त्यांत असणार. लिमिटर अशांसाठीच आहे.

त्याचं काम साधं आहे. तुम्ही एक आकडा ठरवता, समजा 80. त्यानंतर ॲक्सिलरेटर नेहमीसारखा दाबून धरला तरी इंजिन त्या आकड्यापुढे जोर देत नाही. पाय मात्र तुमचाच लागतो. पाय उचलला की गाडी नेहमीसारखी मंदावते. क्रूझ कंट्रोलचं याच्या उलट असतं. तिथे पाय काढला तरी गाडी ठरलेल्या वेगाने धावत राहते. बऱ्याच गाड्यांत ही दोन्ही बटणं स्टिअरिंगवर शेजारी शेजारी असतात, काही गाड्यांत तर एकाच बटणाच्या दोन बाजू असतात. लिमिटर लावलाय अशा समजुतीत क्रूझ लागला तर गर्दी दिसल्यावर तुम्ही नुसता पाय उचलाल आणि गाडी तशीच पुढे जात राहील. म्हणून बटण दाबल्यावर मीटरवर कोणती खूण उमटली, ते प्रत्येक वेळी पाहा. पावसात आणि घाटात क्रूझ कंट्रोल वापरूच नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक गाड्यांतला लिमिटर ब्रेक लावत नाही. तो फक्त इंजिनाचा जोर आवरतो. उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने पळते, तिथे त्याचा इलाज चालत नाही. परशुराम घाट, हातखंब्याचा उतार, किंवा पुण्याहून निघणार असाल तर आंबा, कुंभार्ली, वरंधा, आंबोली, यांपैकी कुठेही 50 चा आकडा लावून निर्धास्त होऊ नका. काटा 50 ओलांडून 60 वर जाईल, गाडीने आवाज केला तर तेवढाच. उतारावर जुनाच नियम खरा: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिच्यातला खालचा गिअर किंवा मॅन्युअल मोड वापरा, आणि न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा विचार मनातही आणू नका. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड गाड्यांनी न्यूट्रलमध्ये उतरून काय अनर्थ केले आहेत, हे पुणेकरांना सांगायला नको.

दुसरा धोका ओव्हरटेक करतानाचा. महामार्गाचे जे पट्टे अजून दुपदरी आहेत, आणि महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावर जे रस्ते लागतात, तिथे समोरून येणाऱ्या गाडीच्या बाजूला जाऊनच पुढे काढावं लागतं. लिमिटर 60 वर आहे हे विसरून तुम्ही ट्रकच्या शेजारी आलात आणि गाडी पुढे जोरच घेईना, तर त्या क्षणी गोंधळ उडतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत, शेवटचा जड टप्पा ओलांडून दाबला की बहुतेक गाड्यांत लिमिटर तात्पुरता बाजूला होतो. पण गाडी मग एकदम झेप घेते, आणि पहिल्यांदाच हा अनुभव येणारा माणूस घाबरतो. हे आधी मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर एकदा करून पाहा, म्हणजे पायाला त्या टप्प्याची ओळख होईल. खरं सांगायचं तर ठरवलेल्या वेगात बसत नसेल तो ओव्हरटेक मुळातच करू नये, असं माझं ठाम मत आहे. ट्रकमागे पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या.

आणखी एक बारकावा, जो फार जणांना ठाऊक नसतो. ब्रेक दाबला की क्रूझ कंट्रोल सुटतो, लिमिटर मात्र साधारणपणे सुटत नाही. बऱ्याच गाड्या आधीचा आकडाही लक्षात ठेवतात. माणगावच्या बाजारपेठेत शिरताना तुमच्या मीटरवर काँक्रीटवरचा 80 तसाच असेल, तर त्या लिमिटरचा तिथे काडीचाही उपयोग नाही. रस्ता बदलला की आकडा बदला. फलकावर जी मर्यादा लिहिली आहे ती कमाल आहे. मुसळधार पावसात, धुक्यात, रात्री त्याहून कमी लावा. बटणाशी खेळ चालत्या गाडीत मान खाली घालून करायचा नाही. नजर रस्त्यावर ठेवून बोट आपोआप जाईल इतका सराव उभ्या गाडीत करा, नाहीतर पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर थांबाल तेव्हा आकडा बदला. वाड्यावस्त्यांतून तर लिमिटरवर विसंबूच नका. बहुतेक गाड्यांत तो ताशी 30 च्या खाली लागत नाही, आणि शाळेपुढून, मंडपापुढून, गणपती डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसांच्या शेजारून 30 सुद्धा जास्त आहे.

निघण्याआधी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅटही पाहा. नव्या मॅटवर जुनी टाकलेली असेल, किंवा मॅट हुकातून सुटून सरकत असेल, तर ती पेडलखाली जाऊन अडकते. लिमिटर लावलेला असो वा नसो, ब्रेक पूर्ण दाबला गेलाच पाहिजे.

ज्यांच्या गाडीत लिमिटर नाही त्यांनी 80 च्या पुढे वाजणारा बीप तरी जिवंत ठेवावा. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या कारमध्ये तो कायद्याने आहे: 80 ओलांडल्यावर अधूनमधून, 120 ओलांडल्यावर सतत. कटकट नको म्हणून कितीतरी जण तो गॅरेजमध्ये बंद करून घेतात. टुरिस्ट गाड्यांचे काही मालक वेगाला कायमची मर्यादा घालणाऱ्या स्पीड गव्हर्नरचंही तेच करतात. भाड्याची गाडी ठरवत असाल तर मालकाला आधीच विचारा, गव्हर्नर चालू आहे का. उत्तर टाळलं तर दुसरी गाडी बघा.

आणि हे सगळं करून उशीर किती होतो? सलग 100 किलोमीटर मोकळा रस्ता मिळाला, जो गणपतीत मिळत नाही, तरी 100 ऐवजी 80 ने गेल्यावर 15 मिनिटं जास्त लागतात. धडकेचा जोर मात्र 80 च्या तुलनेत 100 ला दीडपटीहून जास्त असतो.

शेवटची विनंती गावी वाट पाहणाऱ्यांना. मूर्ती गणपतीच्या चित्रशाळेतून आणायची आहे, भटजी खोळंबलेत, सगळे जमलेत, हे खरंच आहे. तरीही गाडी चालवणाऱ्याला दर अर्ध्या तासाने फोन करून "कुठे पोचलात" विचारू नका. त्याच्या शेजारी बसलेल्याला करा, तोही एकदाच. पूजेची वेळ मध्यान्हीची असते. मुंबईकराला आजच सांगा की चतुर्थीच्या पहाटे पोचायचा हट्ट नको, एक दिवस आधी निघ, आणि नाहीच जमलं तर मूर्ती आम्ही आणून ठेवतो, तू सावकाश ये.