घंटा थांबल्यानंतर

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, ती कोणी शिक्षणास मुकू नये म्हणून. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकविण्यात अडचण असलेले मूल मात्र वर्गात बसूनही मुकते. प्रोग्रॅमिंगमध्ये ते कधी तासन्तास रमते, पण गृहपाठाची वही विसरते. हा आळस नव्हे. अवधानाचे नियमन त्यास जड जाते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे शिक्षक-पालकांची जाण हाच पहिला आधार. निवासी शाळेची घंटा व ठरलेली अभ्यासवेळ त्यास सावरते. प्रोग्रॅमरच्या नोकरीत ती घंटा वाजत नाही. म्हणून मोठे काम लहान टप्प्यांत मांडण्याची, लगेच लिहून ठेवण्याची सवय येथेच लावावी. छडी उगारण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, अशी आमची विनंती आहे.