धंदा रक्तात नसतो
अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या रहिवाशांसाठी पत्रक

घाटकोपरची भाषा कोणती, यावर मार्च २०२५ मध्ये सगळी मुंबई भांडली. विद्याविहारच्या एका कार्यक्रमात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे भैयाजी जोशी यांनी ती गुजराती असल्याचं म्हटलं, विधिमंडळात गदारोळ झाला, मग खुलासे आले. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ घरोघर पोचला होता. लोकांचा राग खरा होता आणि रास्तही होता. पण दोन्ही वेळा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. या उपनगरांत कच्छहून माणसं आली आणि कोकणातूनही आली. दोघांनी गाव सोडलं ते पोटासाठीच. मग पहिल्याच्या नातवाच्या नावावर दुकानाचा गाळा आणि दुसऱ्याच्या नातवाच्या वाट्याला वांगणीची लोकल, असं का झालं?

कोकणी माणूस मुंबईला परका नव्हता, हे खरंच. पण बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरून, ट्रंक डोक्यावर घेऊन गिरणगावात शिरणारा तो माणूस स्थलांतरितच होता.

दोघांच्या नातवांत हा फरक का पडला, याचं तयार उत्तर मराठी घरांतही ऐकू येतं. ‘धंदा त्यांच्या रक्तात आहे, आपल्या रक्तात नोकरी.’ बाप मुलाला हे सांगतो, मुलगा मित्रांना, आणि लग्नाच्या पंगतीत मान हलवून सगळे ते मान्य करतात. हे उत्तर खोटं आहे. शिवाय ते घातक आहे, कारण रक्त बदलता येत नाही आणि म्हणून कोणाकडे काही मागायचंही उरत नाही.

कच्छच्या माणसाला गाव सोडायला लावलं ते दुष्काळानं. पाऊस लहरी, जमीन खारी, आणि मांडवी बंदरातून मुंबईला गलबतं जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नरशी नाथा हे कच्छी व्यापारी मुंबईत मोठे झाले होते. मशीद बंदरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. भातबाजारात केशवजी नायक यांच्या नावाचं कारंजं आहे. अशी चार घरं आधीच पाय रोवून असल्यामुळे मागून येणारा पोरगा रस्त्यावर पडला नाही. तो नात्यातल्याच कोणाच्या तरी पेढीवर राहिला. दिवसा पोती मोजली, रात्री तिथेच पथारी टाकली. काही वर्षांनी त्याच पेढीनं त्याला उधारीवर माल दिला आणि त्या उधारीवर त्यानं मुलुंडला, घाटकोपरला, अंधेरीला दाण्याचं दुकान थाटलं. जातीचं महाजन, म्हणजे जातीची संस्था, होतं, महाजनाची वाडी होती, शिकणाऱ्या मुलांसाठी बोर्डिंग होतं, आजारपणात मदत होती. तारण म्हणून त्याच्याकडे जमीन मागितली गेली नाही. त्याचं नाव आणि बापाची ओळख पुरली.

कोकणातला माणूस निघाला तो खोताच्या जमिनीवरून. पिकातला वाटा खोताला, उरलेलं घरात, आणि रोख पैसा कुठेच नाही. खोती कायद्यानं गेली ती १९४९ मध्ये. तोवर तीन पिढ्या गिरणीत लागून गेल्या होत्या. गिरणीत लागायचं तर कामगार भरणाऱ्या जॉबरची मर्जी लागे. लागला तरी आधी बदलीवर, म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तर काम मिळायचं. राहायला गावकीची खोली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत गावातले पंधरा-वीस पुरुष, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, पाळी संपवून एक आला की दुसऱ्यानं चटई रिकामी करायची. जेवण खानावळीत. पगारातून खानावळ आणि खोलीचा वाटा वजा झाला की उरेल ती रक्कम मनीऑर्डरनं गावी. रत्नागिरी जिल्ह्यातली घरंच्या घरं या मनीऑर्डरवर जगली.

गावकीची खोली ही कच्छी पेढीइतकीच भक्कम संस्था होती. माया तितकीच, शिस्तही तितकीच. फरक एवढाच की पेढीकडे द्यायला माल होता आणि खोलीकडे फक्त जागा होती.

आता या दोघांची गाठ कुठे पडत होती ते पाहावं. गिरणीचा पगार महिन्यातून एकदा, पोट रोजचं. म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे खातं. तांदूळ, डाळ, गोडेतेल, रॉकेल वहीत मांडलं जायचं आणि पगाराच्या दिवशी पहिली रक्कम तिथे जायची. ती वही दोन्ही बाजूंनी वाचायला हवी. कामगाराच्या बाजूनं ते देणं होतं आणि दुकानदाराच्या बाजूनं बांधलेलं गिऱ्हाईक. एकाचा पगार दुसऱ्याचं भांडवल होत होता. यात कोणी चोर नव्हता. १९८२ च्या गिरणी संपात पहिले काही महिने अनेक वाण्यांनी उधारी चालू ठेवली, हेही गिरणगाव विसरलेलं नाही. पण खेळत्या पैशाची दिशा एकच होती.

रक्ताच्या सिद्धांताला सर्वांत मोठा तडाखा मशीद बंदरच्याच दाणाबंदरात बसतो. धान्याचं पोतं कच्छी व्यापाऱ्याचं आणि पाठ साताऱ्याच्या, सांगलीच्या, जुन्नरच्या माथाडीची. मजुरी टोळीच्या मुकादमामार्फत, तीही व्यापाऱ्याच्या मनावर. पाठ मोडली तर गावची वाट. अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं माथाडी कायदा केला. त्यानंतर व्यापाऱ्याला माथाडी मंडळाकडे नोंदणी करावी लागली आणि मजुरी व त्यावरची लेव्ही मंडळात भरावी लागली. मजुराला पगार मंडळाकडून मिळू लागला. प्रॉव्हिडंट फंड, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना हे सगळं त्या लेव्हीतून उभं राहिलं. रक्त तेच, पाठ तीच, पोतंही तेच. बदलला तो कायदा, आणि ज्या घरांपर्यंत तो नीट पोचला त्या घरांतली मुलं कॉलेजात गेली.

गिरणी कामगाराला धंद्यासाठी मालाची उधारी मिळाली नाही आणि संपानंतर कायद्यानंही त्याचा हात सोडला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते. एक मालकाचा, एक महापालिकेच्या मोकळ्या जागांचा आणि एक म्हाडाच्या घरांचा. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणीचं बांधकाम उभं होतं ती हिशेबातून गळली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. लोअर परळला टॉवर आणि मॉल उभे राहिले. लाखाहून जास्त कामगार आणि वारस घरासाठी अर्ज करून बसले, आणि आता त्यांना शेलू-वांगणीकडे बोट दाखवलं जात आहे. ज्यांच्या आजोबांनी परळला चाळीस वर्षं पाळ्या केल्या त्या कुटुंबांना सरकार कर्जतच्या लोकलमध्ये बसवू पाहतं, हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच बोलला पाहिजे.

या काळात कोकणी घर उपनगरात सरकलं. भांडुप-घाटकोपरच्या टेकड्यांवर, जोगेश्वरीच्या चाळींत, बोरिवलीच्या म्हाडा वसाहतींत. बाप कुठेतरी रखवालदार झाला. मुलगी अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या युनिटला लागली. गिरणीतला कामगार निदान युनियनचा सभासद होता. त्याच्या मुलाला कंत्राटदाराचं नाव सोडून दुसरं काही दाखवता येत नाही.

बायकांच्या गोष्टीतही तोच धडा मिळतो. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभं राहिलं. आज तिथे हजारो बायका पहाटे मळलेलं पीठ घरी नेतात, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून देतात आणि लाटणावळ घेऊन जातात. त्यात मराठी बायका भरपूर आहेत. दुसरीकडे गिरणगावात खानावळवाल्या बायका पहाटे चारला चूल पेटवत होत्या, वीस-पंचवीस डबे भरत होत्या आणि धान्य भरायला सावकाराकडून जबर व्याजानं पैसे आणत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायकांनी ते फेडलं. धंदा त्या आधीपासूनच करत होत्या, आणि तोही विलक्षण हिशेबीपणानं. त्यांना कमी पडत होतं ते रास्त व्याजाचं कर्ज.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हेच घडलं आहे. १९४८ नंतर जमैकाहून लंडनला गेलेल्या माणसांना बँका घरासाठी कर्ज देत नव्हत्या. त्यांनी ‘पार्डनर’ चालवलं. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीनं एकेकानं ती उचलायची. आपल्याकडे यालाच भिशी म्हणतात. त्या भिशीवर अनेकांनी लंडनमध्ये घरं घेतली. भिशी गिरणगावातही होती. पण बदली कामगाराच्या पगारातून भरलेली भिशी मुलीच्या लग्नात आणि गावच्या कौलांत संपायची.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मुलुंड-घाटकोपरचा प्रत्येक कच्छी-गुजराती माणूस सुखवस्तू नाही. दुकानात तराजूवर उभा असलेला गुमास्ता कच्छीच असतो आणि त्याचं भाडंही दर अकरा महिन्यांनी वाढतं. जुन्या चाळींत खाखरे लाटून घर चालवणाऱ्या बायका आहेत. ज्या दाण्याच्या दुकानानं आजोबाला उभं केलं, त्याच्यासमोर आता मोठी दालनं आहेत आणि दहा मिनिटांत सामान पोचवणारी पोरं आहेत. पवईला २००२ मध्ये पहिलं डी-मार्ट उघडलं तेव्हापासून ही दुकानं आक्रसत आली आहेत. पुढच्या पिढीला नुसतं महाजन पुरणार नाही. त्या गुमास्त्याला आणि भांडुपच्या रखवालदाराला एकमेकांविरुद्ध उभं करणाऱ्यांचा यात फायदा आहे, त्या दोघांचा नाही.

सरकार मनावर घेतं तेव्हा काय होतं, ते बोरिवलीकरांना गोराईला चालत जाऊन पाहता येईल. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात गोराई, चारकोप, मालवणी इथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना छोटे भूखंड मिळाले. पाणी, गटार, संडास, रस्ता सरकारचा, घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. चारकोपला पस्तीस-पस्तीस घरांच्या सोसायट्या झाल्या, मध्ये मोकळा चौक. कोणी आधी पत्र्याची खोली घातली, मग विटा आल्या, मग वर मजला चढला, खाली शिवणयंत्र किंवा पिठाची गिरणी बसली. पायाखाली स्वतःची जागा मिळताच त्याच ‘नोकरदार रक्ताच्या’ मराठी घरांनी धंदे काढले. तो प्रकल्प पुढे तसाच चालवला गेला नाही, आणि याचा जाब एकाही निवडणुकीत कोणी मागितलेला नाही.

हिशेब मांडायचा तर आकडेही हाती नाहीत. आर्थिक पाहणीत मुंबईचं दरडोई उत्पन्न छापलं जातं, त्यात जुहूचा बंगला आणि असल्फ्याची खोली एकत्र मिसळलेली असते. जनगणना घरातला टीव्ही आणि दुचाकी मोजते, मिळकत विचारत नाही. म्हणून पहिली मागणी ही की महापालिकेनं प्रत्येक विभागात घरटी पाहणी करून मिळकत, भाडं, कर्ज आणि कामाचा प्रकार नोंदवावा आणि तो अहवाल मराठीत छापून वॉर्ड ऑफिसात ठेवावा. दुसरी, गिरणी कामगारांना घरं मुंबईतच द्यावीत. आणि तिसरी, गोराई-चारकोपसारखे भूखंड पुन्हा काढावेत. उपनगरांतल्या सरकारी जमिनीवर टॉवर बांधायला जागा निघते, तशी यालाही निघेल.

राहिलेली गोष्ट मंत्रालयात जाऊन मागायची नाही, ती आपापल्या इमारतीतच करायची आहे. महाराष्ट्रात १९८१ पासून सुरक्षा रक्षकांसाठी कायदा आहे, माथाडीसारखंच मंडळ आहे. पण मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या बहुतेक सोसायट्यांच्या दारावर बसलेला माणूस एजन्सीचा असतो आणि बारा तासांची पाळी करतो. समितीत मराठी माणसं असोत की गुजराती, निविदा सर्वांत स्वस्त एजन्सीचीच मंजूर होते. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत प्रत्येक सभासदानं उठून विचारावं: आपल्या रखवालदाराला किमान वेतन मिळतं का, त्याचा प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय भरल्याची पावती एजन्सीनं दाखवली आहे का, आणि आठ तासांच्या तीन पाळ्या करायला दर घरामागे महिन्याला किती जादा पडतील. हा आकडा सचिवांनी सभेतच काढून दाखवावा आणि ठराव त्याच दिवशी मताला टाकावा.