वेळ चोरू नका, मागून घ्या

नोकरी सोडून लिहायला बसायचा विचार मनात असेल, तर तो आधी काढून टाका. अमरावती-अकोल्याकडची जी तरुण, आणि आता तितकीशी तरुण न राहिलेली, मंडळी कथा-कादंबरी लिहू पाहतात त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कोणाचं कृषी सेवा केंद्र आहे, कोणी बँकेत आहे, कोणी विनाअनुदानित शाळेवर पगाराची वाट बघतं आहे, कोणाला सकाळचे डबे भरून झाल्याशिवाय वही उघडता येत नाही. तक्रार सगळ्यांची एकच: लिहायचं खूप आहे, वेळच भेटत नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण नोकरी सोडण्याचं स्वप्न तिथंच अडतं. समजा पुस्तकाची किंमत 300 रुपये, आवृत्ती 500 प्रतींची आणि तुम्हाला दहा टक्के रॉयल्टी. एकूण एक प्रत विकली गेली तरी हाती येतात 15 हजार रुपये, आणि तेही वर्ष-दोन वर्षांत सावकाश. घरभाडं, किराणा, पोराची शिकवणी यातलं काहीच त्यात बसत नाही. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहून लेखणीवर जगले, हे खरं. पण त्यांचं नाव घेऊन राजीनामा लिहिण्याआधी आपल्याच उद्धव शेळक्यांकडे बघा. ‘धग’ ही कादंबरी आली 1960 साली, तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. शिंप्याच्या घरातली कौतिक, तिचा तो महादेव, पोटाची ती रोजची लढाई, आणि सगळ्यांच्या तोंडी आपली वऱ्हाडी. पुढं लेखणीवरच घर चालवायचं ठरलं आणि त्यांना ढिगानं कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. त्यातल्या किती आज वाचल्या जातात? नाव निघतं ते ‘धग’चंच. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. महिन्याचा किराणा कादंबरीनं आणायचा म्हटलं की कादंबरीला घाई करावी लागते, एवढंच दिसतं.

पगार तुमच्या कथेला ही घाई करू देत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगाव-जळगाव जामोदकडे वकिली करत होते आणि ती करता करताच त्यांची नाटकं आणि ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून झाले. अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे प्राध्यापकी करत होत्या. त्यांच्या कथा मोजक्याच, तरी 1961 साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं; त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या बाई. आणि विश्राम बेडेकर, तेही अमरावतीत जन्मलेले. आयुष्य सिनेमाच्या धबडग्यात गेलं, कादंबरी लिहिली एकच, ‘रणांगण’, 1939 ची. ती अजून वाचली जाते.

नोकरीतून नुसता पगारच मिळतो असंही नाही. रमेश इंगळे उत्रादकर शिक्षक. साक्षरता मोहिमेचे कागद रंगवणाऱ्या गुरुजींची जी फरपट त्यांनी जवळून बघितली, तिची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी झाली. ती मोहीम हजारो शिक्षकांच्या वाट्याला आली होती. बहुतेकांनी तिला शिव्या दिल्या आणि ते मोकळे झाले. सदानंद देशमुखांनी बुलडाण्याला प्राध्यापकी केली, पण ‘बारोमास’मध्ये आली ती कोरडवाहू शेती आणि तिच्यात अडकलेलं शिकलेलं पोरगं. त्या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा तुमचं तहसील, तुमचा काउंटर, तुमची बाजार समिती यांना लेखनाचे वैरी समजू नका.

मग वेळ जातो कुठं? रागावणार नसाल तर सांगतो. विदर्भ साहित्य संघ 1923 साली स्थापन झाला तो अमरावतीतच, म्हणजे साहित्याच्या कार्यक्रमांची आपली हौस जुनी आहे. आता त्यात व्हॉट्सअॅपचे गट आले. रविवारी प्रकाशन, बुधवारी सत्कार, मधे कविसंमेलन, मग त्याचे फोटो, मग फोटोंवरचे अंगठे. शाल-नारळाचे दोन कार्यक्रम म्हणजे कथेची चार पानं. अजिबात जाऊ नका असं म्हणत नाही. माणसं भेटतात, चार पुस्तकं कळतात. पण महिन्यातून एक पुरे. घरच्यांमुळे लिहिणं होत नाही असं सांगणाऱ्या कितीतरी जणांचं लिहिणं असल्या मंडपांत हरवलेलं असतं.

आता घर. आपल्याकडे बहुतेकजण लेखनाचा वेळ चोरतात. बायको झोपली की मोबाइलच्या उजेडात दोन ओळी, ऑफिसात साहेब बाहेर गेले की अर्धं पान, नवऱ्याला हिशेबाची वही सांगून त्यात कथा. चोरीच्या वेळेला धाक असतो. कोणी हाक मारली की दचकायला होतं, वाक्य तुटतं, आणि मग चिडचिड घरावर निघते. शेतात सामाईक विहीर असली की भावाभावांत पाण्याच्या पाळ्या ठरतात. आपल्या पाळीला मोटर बिनधास्त चालवायची आणि दुसऱ्याच्या पाळीला तिला हात लावायचा नाही. घरातही तसंच उघड बोलून ठरवा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार, पहाटे पाच ते सहा मी लिहिणार, तेवढा वेळ कोणी हाक मारू नये. बदल्यात दूध, भाजी, पोराला बसस्टॉपवर सोडणं यातलं काय माझ्याकडे, तेही त्याच बैठकीत सांगून टाका. मागून घेतलेल्या वेळेचं देणं लागतं आणि ते फेडावं लागतं. घरातल्या दुसऱ्या कोणाची अशीच काही हौस असेल, भजनी मंडळ, शिवण, क्रिकेट, तर त्यांची पाळीही तुम्ही पाळायची.

हे सांगताना सुनांची आठवण होते. सासरी नव्या आलेल्या मुलीनं ‘मला लिहायला वेळ द्या’ म्हणणं किती अवघड, याची कल्पना पुरुष लेखकांना नसते. तिला एकटीनं मागायला लावू नका. नवऱ्यानं बोलावं, जमलं तर सासूनंच बोलावं. ‘आमची सून लिहिते, शनिवारच्या दुपारचा चहा मी करते’ एवढं एका सासूनं पाहुण्यांसमोर म्हटलं की काम झालं. दर्यापूरच्या प्रतिमा इंगोले यांच्या वऱ्हाडी कथा वाचा. घराघरांतल्या बायांचं बोलणं, त्यांची खोच, त्यांचं सोसणं हे सगळं तिथं आहे. अशा गोष्टींचा साठा सुनांकडेच जास्त असतो आणि वेळ त्यांच्याकडेच कमी.

दिवस ठरवताना आपलं गाव बघून ठरवा. अकोल्यात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी लिहायचं ठेवलं तर भांडण ठरलेलंच. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर गेल्यावर दुपारी कुलरसमोर बसून झोपच येते, म्हणून उन्हाळ्यात पहाट धरा, गच्चीवर बसा. शेती असेल तर मृगाचा पेरा आणि दिवाळीनंतरची कापसाची वेचणी या दिवसांत लिहिण्याचा हट्ट नको. वरूड-मोर्शीकडच्या संत्रावाल्यांनी आपला बहार बघावा, शिक्षकांनी परीक्षा आणि पेपर तपासणी बघावी. लग्नसराई तर सगळ्यांनाच. असे वर्षातले बारा आठवडे आधीच सोडून द्या. उरले चाळीस. आठवड्याला चार बैठका आणि बैठकीला तीनशे शब्द धरले तर चाळीस आठवड्यांत 48 हजार शब्द होतात. मध्यम आकाराच्या कादंबरीचा पहिला खर्डा एवढाच असतो. सोडलेल्या आठवड्यांत लिहिलं नाही म्हणून मन खायचं नाही. ते हिशेबातच धरलेले आहेत.

बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला अपडाऊन करणाऱ्यांना मी वेगळं सांगेन. गाडीत कादंबरी लिहू नका. जागा मिळत नाही, मिळाली तर पत्त्यांचा डाव बसतो. गाडीत ऐका. दूधवाला, नर्सबाई, कोर्टाच्या तारखेला निघालेला म्हातारा, जागेवरून भांडणारे पासवाले. असे संवाद पैसे देऊन मिळत नाहीत. कानावर पडलेलं एखादं वाक्य मोबाइलमध्ये बोलून ठेवा, पण आवाज म्हणूनच ठेवा. बोललेलं टाइप करून देणारी सोय वापरली तर ‘कायले’ आणि ‘मंग’ची ती पार वाट लावते.

एका वेळी एकच काम हातात घ्या, हेही सांगायला हवं. अर्धी कादंबरी, तीन कथांच्या सुरुवाती, एकांकिका आणि वेबसिरीजची कल्पना असा पसारा मांडणारे मला बरेच भेटतात. ज्याला दिवसाचा एकच तास आहे त्यानं हे करू नये, कारण आधीचं आठवण्यातच तास संपतो. नवे असाल तर कथेपासून सुरुवात करा. कथा दोन महिन्यांत पुरी होते आणि घरच्यांनाही दिसतं की पाळीतून काहीतरी निघालं.

आणखी एक अडचण घराचीच. भाऊबंदकीची गोष्ट लिहाल, पण तो भाऊ पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी बसणार आहे. गावं छोटी, माणूस लगेच ओळखू येतो. नाव बदलून भागत नाही. धंदा, गाव, नातं, घटनांचा क्रम हे सगळं हलवावं लागतं. शेतकरी आत्महत्येवर लिहिताना तर फार जपा. एखाद्या घरचं दुःख जसंच्या तसं उचलणार असाल, तर त्या घरी जाऊन विचारा. नाही म्हणाले तर ती कथा लिहू नका.

कथा पुरी झाली की दिवाळी अंकांकडे पाठवा. ‘मनोरंजन’ मासिकानं 1909 साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेची ही मोठी बाजारपेठ आहे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी अंक पावसाळ्यातच भरत येतात. कथा जून-जुलैत गेली पाहिजे, युनिकोडमध्ये टाइप करून, एका वेळी एकाच अंकाकडे. उत्तर आलं नाही तर महिन्या-दीड महिन्यानं एकदा विचारा आणि मगच दुसरीकडे पाठवा. पुस्तकाएवढ्या कथा जमल्या तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिची जाहिरात आली की नियम नीट वाचून हस्तलिखित पाठवा.

आणि कोणी प्रकाशक फोन करून म्हणाला की पुस्तक काढतो, तुम्ही फक्त चाळीस हजार भरा, तर फोनवर हो म्हणू नका. किती प्रती छापणार, त्या कोण विकणार, न खपलेल्या कोणाच्या घरी येणार, हे लेखी मागा. मग तो कागद घरी सगळ्यांसमोर ठेवा. ते चाळीस हजार तुमच्या एकट्याचे नाहीत.