बहिरेपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगाव येथे यंत्रमागांचा खडखडाट हे उद्योग चालू असल्याचे लक्षण मानले जाते. माग थांबले की हजारो चुली थंडावतात, हे खरेच आहे. परंतु तोच खडखडाट मागावर उभ्या असलेल्या कामगाराची श्रवणशक्ती दररोज थोडी थोडी हिरावून घेत असतो. या हानीची नोंद मालकाच्या जमाखर्चात होत नाही आणि कामगारांच्या मागणीपत्रकातही तिला क्वचितच स्थान मिळते.

गोंगाटाने अंतःकर्णातील सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपासचे उच्च स्वर जातात. 'स', 'श' यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि समोरचा माणूस पुटपुटतो आहे, असे कामगाराला वाटू लागते. दुखत काहीच नाही. म्हणून तो डॉक्टरकडे जात नाही, आणि जातो तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्या कारखाना नियमांनी आठ तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा घातली. त्याच कोष्टकाप्रमाणे 95 डेसिबलला चार तास आणि 100 डेसिबलला दोनच तास काम करता येते. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये 95 डेसिबलची पातळी मुळीच नवलाची नाही, आणि पाळी मात्र अनेक ठिकाणी बारा तासांची! बारा तासांसाठी याच सूत्राने मर्यादा सुमारे 87 वर यायला हवी. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने तर आठ तासांसाठी 85 डेसिबलची शिफारस 1972 मध्येच केली होती.

कायदा अगदीच मुका नाही. गोंगाटजन्य बहिरेपणा अधिसूचित रोगांच्या यादीत आहे आणि त्याबद्दल भरपाईची तरतूदही आहे. पण भरपाईसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम केल्याचा पुरावा हवा. मीटरवर मजुरी घेणाऱ्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेल्या कामगाराने तो कोठून आणावा? शिवाय 1948 च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची असलेली अट, नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितेत वीस झाली आहे. एका छपराखालचे माग कागदोपत्री चार नावांवर वाटण्याची युक्ती जेथे जुनी आहे, तेथे या बदलाचा अर्थ सांगायला नको.

मालकवर्गाचे ठरलेले उत्तर म्हणजे कानात घालायचे बोळे. ते वाटावेत, पण धोक्याच्या उगमाला हात न लावता त्याचा भार कामगाराच्या कानावर टाकणे हा उपाय नव्हे. झिजलेले भाग वेळेवर बदलणे, वंगण घालणे, मागाखाली कंपन शोषणाऱ्या गाद्या बसवणे, पत्र्याच्या छपराला ध्वनिशोषक अस्तर देणे, पाळी आठ तासांची करणे आणि टप्प्याटप्प्याने धोटाविरहित माग आणणे, हा खरा क्रम होय. लहान यंत्रमागधारक म्हणेल की, मी व्यापाऱ्याचे कापड मजुरीवर विणतो, मला हे परवडत नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण न परवडणारा खर्च त्यामुळे नाहीसा होत नाही. तो कामगाराच्या देहातून वसूल होतो आणि स्वस्त कापडाचा लाभ व्यापाऱ्याला मिळतो. शासन यंत्रमागांना वीजदरात सवलत देते, ती जनतेच्या पैशातून. ध्वनिमापन, वार्षिक श्रवणतपासणी आणि हजेरीपट या अटी त्या सवलतीला जोडाव्यात, आणि लहान मालकाला सुधारणेसाठी कमी व्याजाचे कर्ज द्यावे, ही मागणी आपण धरली पाहिजे.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तेथील गोंगाट धोक्याचा आहे, ही खूण कोणालाही पडताळता येते. अशा शेडची यादी करावी. कामगाराचे नाव, मालक, रुजू झाल्याची तारीख आणि पाळीचे तास वहीत नोंदवावेत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मापनासाठी लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. कामाला लागतानाच श्रवणचाचणी झाली, तर पुढची हानी सिद्ध करता येते. मजुरीच्या लढ्यात गमावलेले पुढच्या लढ्यात मिळवता येते. गेलेले कान मात्र कोणताही करार परत देत नाही.