आमदार मोजून झाले असतील तर…

निकालाच्या दिवशी देऊळघाटच्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अपने कितने आये?" नोव्हेंबर २०२४ मध्येही तोच होता. उत्तर होतं दहा. २०१९ लाही दहाच होतं. मग कुणीतरी मोबाइलवर हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुसलमान साडेअकरा टक्के, सभागृह २८८ चं, म्हणजे तेहतीस हवेत, तेवीस कमी पडले. त्यावर एक लांब सुस्कारा, मग कुठल्या पक्षाने किती तिकिटं दिली याची उजळणी, मग दुसरा चहा. विधिमंडळ हा विषय आमच्यापुरता पुढच्या पाच वर्षांसाठी तिथेच मिटतो.

या हिशेबाचा मला कंटाळा आला आहे. आकडा खोटा आहे म्हणून नव्हे. तो खरा आहे, आणि तिकीट देताना मोठ्या पक्षांनी मुसलमानांच्या बाबतीत हात आखडता घेतला हेही खरं. कंटाळा यासाठी की या मोजणीतून आपण स्वतःला एक सोयीचं कारण मिळवून देतो : आपली माणसं कमी, म्हणून आपली कामं होत नाहीत. २०१४ साली या राज्यातल्या मुसलमानांचा सगळ्यात मोठा प्रश्न विधिमंडळात कसा बुडाला ते नीट पाहिलं, तर हे कारण टिकत नाही.

तो पाच टक्के आरक्षणाचा प्रश्न. आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं की ते कोर्टाने रद्द केलं. उरलेल्यांना वाटतं की विधानसभेत बहुमताने हाणून पाडलं. दोन्ही चूक.

राज्य सरकारने २००८ मध्ये डॉ. महमूद-उर-रहमान यांच्या अध्यक्षतेखाली मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये आला आणि त्यात आठ टक्के आरक्षणाची शिफारस होती. तेव्हा सत्तेत काँग्रेस आणि राष्ट्रवादी होते, १९९९ पासून सलग. अहवाल हातात आल्यावर डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन झालं. २०१४ च्या सुरुवातीला मुंबईत झालं. जूनमध्ये पुन्हा झालं. विधेयक मांडायला तीन संधी होत्या, मंजूर करायला बहुमत होतं. मांडलं नाही. मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला होता, राज्यातल्या ४८ पैकी आघाडीला सहा जागा मिळाल्या होत्या, आणि विधानसभा ऑक्टोबरात होती. जूनचं अधिवेशन संपवून, सभागृहाला कुलूप लागल्यावर, ९ जुलै २०१४ रोजी दोन वटहुकूम निघाले. एक मराठा समाजाला १६ टक्के देणारा, दुसरा पन्नास मुस्लिम समूहांचा 'विशेष मागास प्रवर्ग-अ' करून त्यांना पाच टक्के देणारा.

वटहुकूम म्हणजे उसनवारीचा कायदा. राज्यघटनेच्या कलम २१३ प्रमाणे विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने तो काढतात. त्याची ताकद कायद्याइतकीच, पण आयुष्य तोकडं. विधिमंडळ पुन्हा भरलं की त्या दिवसापासून सहा आठवडे. तेवढ्यात विधेयक आणून दोन्ही सभागृहांची मंजुरी घेतली तर तो कायदा होतो, नाहीतर आपोआप संपतो. त्याला मारावं लागत नाही. नुसतं बसून राहिलं तरी पुरतं.

त्या जुलैत आपल्याकडे मिठाया वाटल्या गेल्या, आभाराचे बॅनर लागले. सहा आठवड्यांचं घड्याळ कुणी पाहिलं नाही.

ऑक्टोबरात सरकार बदललं. भाजपचे १२२ आमदार आले, शिवसेनेचे ६३. १४ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही वटहुकुमांवर अंतरिम आदेश दिला. मराठा आरक्षणाला नोकरी आणि शिक्षण दोन्हींत स्थगिती. मुस्लिम आरक्षणाला नोकऱ्यांत स्थगिती, पण शिक्षण संस्थांतल्या प्रवेशांत ते चालू ठेवायला हरकत नाही. हा आदेश पुन्हा एकदा वाचा. शिक्षणापुरतं का होईना, कोर्टात उभं राहिलं होतं ते आपलं आरक्षण.

मग डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन भरलं. ज्या मराठा आरक्षणाला कोर्टाने स्थगिती दिली होती त्याचं विधेयक सरकारने आणलं आणि ते मंजूर झालं. ज्या मुस्लिम आरक्षणाचा अर्धा भाग कोर्टाने शाबूत ठेवला होता त्याचं विधेयक आलंच नाही. सहा आठवडे भरले, वटहुकूम संपला. मार्च २०१५ मध्ये सरकारने त्याखालचा जुना शासन निर्णयही रद्द केला आणि फाइल बंद केली. विधेयकच नव्हतं, म्हणून त्यावर मतदानही नव्हतं. पाच टक्क्यांच्या विरोधात हात वर करायची वेळ २८८ पैकी एकाही आमदारावर आली नाही. कुणी विरोध केला याची नोंद शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण ती करण्याची गरजच पडली नाही.

मराठा समाजाला मिळालं याचं मला दुःख नाही. उलट त्यांच्याकडून शिकावं असं त्यात बरंच आहे. त्यांचा कायदा पुढे एप्रिल २०१५ मध्ये कोर्टात अडकला. २०१८ मध्ये विधिमंडळाने दुसरा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक दिवसाचं खास अधिवेशन बोलावून दहा टक्क्यांचा तिसरा कायदा झाला. दहा वर्षांत तीन कायदे, दोन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांच्या काळात. हरल्यावर पुन्हा दार ठोठावायचं ही त्यांची चिकाटी. आपल्या आरक्षणाचं विधेयक या काळात एकदाही मंजुरीला आलं नाही, आणि यात 'आपलं' म्हणवणारं सरकारही येऊन गेलं. २८ फेब्रुवारी २०२० रोजी तेव्हाचे अल्पसंख्याक मंत्री नवाब मलिक यांनी विधान परिषदेत जाहीर केलं की मुसलमानांना शिक्षणात पाच टक्के आरक्षण देणारा कायदा करू. टाळ्या पडल्या, बातम्या झाल्या. महाविकास आघाडी पुढे दोन वर्षांहून जास्त सत्तेत होती. विधेयक आलं नाही.

मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द हवेत विरत नाही, निदान विरायला नको. त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली गेली की नाही हे तपासणं हेच तिचं काम. किती मुस्लिम संघटनांनी या समितीला पत्र लिहिलं? निवेदनं आपण लिहितो, जिल्हाधिकाऱ्यांना देतो, फोटो काढतो. जिल्हाधिकारी कायदे करत नाहीत.

आता त्या तेहतीसच्या हिशेबाकडे परत येऊ. २०१४ च्या विधानसभेत नऊ मुस्लिम आमदार होते. समजा तेहतीस असते. ते काँग्रेस, राष्ट्रवादी, समाजवादी, एमआयएम असे वाटलेले असते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदार पक्षादेशाला बांधलेला आहे. व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे मतदानाच्या वेळी तेहतीस काय आणि दहा काय, ते आपापल्या पक्षाच्या रांगेत उभे राहणार. पण व्हिप मताला लागतो, तारांकित प्रश्नाला लागत नाही. लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, अशासकीय विधेयक ही सगळी हत्यारं एकट्या आमदाराच्या हातातली आहेत. अशासकीय विधेयक सहसा मंजूर होत नाही हे मला माहीत आहे. पण ते मांडलं की विषय नोंदीत येतो, आणि चर्चेला आलं तर सरकारला उभं राहून 'नाही' म्हणावं लागतं. २०१४ मध्ये सरकारला तेवढीही तसदी पडली नाही, खरी बोच ती आहे.

आणि ही हत्यारं वापरायला आमदार मुसलमानच असावा लागतो, असंही नाही. आमचा बुलढाणा तालुका विधानसभेसाठी दोन मतदारसंघांत वाटला आहे, काही गावं बुलढाण्यात, काही चिखलीत. २०२४ मध्ये बुलढाणा मतदारसंघाचा निकाल ८४१ मतांनी लागला. इतक्या चुरशीच्या जागेवर कुठल्याही पक्षाचा उमेदवार मोहल्ल्यात येऊन बसतो आणि 'बोला, काय पाहिजे' म्हणतो. आपण काय मागतो? कब्रस्तानची भिंत, शादीखाना, गल्लीत पेव्हर ब्लॉक. भिंतही हवी, मी नाही म्हणत नाही. पण ज्या माणसाला कायदे करायला पाठवायचं त्याला आपण गवंडीकाम सांगतो, आणि तोही खुशीने करतो, कारण भिंतीवर नाव कोरता येतं. मागच्या अधिवेशनात तुम्ही किती प्रश्न विचारले, उर्दू शाळांतल्या रिक्त जागांवर एक तरी होता का, हे त्याला कुणी विचारत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचा त्याला त्रास का व्हावा?

अधिवेशनंही आता केवढीशी उरलीत! दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नसावं एवढंच घटना सांगते, वर्षातून किमान किती दिवस बसायचं ते सांगत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने आम्हा वऱ्हाड-विदर्भवाल्यांना वर्षातून एक अधिवेशन नागपुरात मिळालं. २०२४ चं ते अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं सहा दिवसांत आटोपलं. एवढ्या दिवसांत कुणाचा प्रश्न पटलावर येईल हे आधीच्या महिन्यांतल्या पाठपुराव्यावर ठरतं. मोर्चा घेऊन ऐनवेळी यशवंत स्टेडियमवर पोचणाऱ्याच्या हाती निवेदनाची पोच येते.

पाठपुराव्याने होतं हे आपल्याच शेजारच्या जिल्ह्याने दाखवलं आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ वर्षानुवर्षं चालवली. जातींच्या याद्या, व्यवसायांचे पुरावे, मंत्रालयाच्या खेपा, असं कंटाळवाणं काम. १९९४ मध्ये सरकारने मुस्लिम ओबीसींना सवलती देणारा निर्णय काढला. आज आपल्यातल्या बागवान, मोमीन, तांबोळी, पिंजारी घरांतली जी पोरं ओबीसीच्या दाखल्यावर इंजिनिअरिंगला जातात, ती त्या खेपांमुळे. तेव्हाही सभागृहात आपली संख्या लोकसंख्येच्या मानाने थोडकीच होती.

आता वरच्या सभागृहाबद्दल, ज्याची मोजणीही आपण करत नाही. विधान परिषदेच्या ७८ जागा : ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. जुलै २०२४ मध्ये बाबाजानी दुर्राणी आणि वजाहत मिर्झा निवृत्त झाले आणि परिषदेत एकही मुसलमान उरला नाही. त्याच महिन्यात आमदारांमधून ११ जागांची निवडणूक झाली, १२ उमेदवार होते, एकाही पक्षाने मुसलमान दिला नव्हता. ज्यांच्या पदरात लोकसभेला आपण दोनच महिन्यांपूर्वी थैली रिकामी केली होती त्यांनीही नाही. ऑक्टोबरात राज्यपालांनी सात जणांची नियुक्ती केली, त्यात इद्रिस नायकवडी आले, म्हणून निदान पाटी कोरी राहिली नाही. त्या बारा जागांची कथा वेगळीच लाजिरवाणी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने पाठवलेल्या नावांवर राज्यपालांनी ना हो म्हटलं ना नाही, आणि जागा चार वर्षं रिकाम्या राहिल्या. पुन्हा तेच तंत्र, बसून राहायचं.

स्थानिक संस्थांच्या जागेत आमच्या देऊळघाटला काही स्थान नाही. अकोला-वाशिम-बुलढाण्याच्या त्या जागेसाठी नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मत देतात. ग्रामपंचायत कितीही मोठी असली तरी तिच्या सदस्यांना मत नाही. पण अमरावती पदवीधर आणि अमरावती शिक्षक ही दोन दारं उघडी आहेत आणि त्यांना उंबरठाही फार उंच नाही. पदवी घेऊन तीन वर्षं झालेला कुणीही पदवीधर मतदार होऊ शकतो. माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत मागच्या सहा वर्षांत तीन वर्षं शिकवलेला शिक्षक, मग ती शाळा उर्दू असो की मराठी, शिक्षक मतदार होऊ शकतो. अट एकच : नाव स्वतः अर्ज करून नोंदवावं लागतं, आणि विधानसभेच्या यादीसारखं ते कायम राहत नाही. दर निवडणुकीला यादी नव्याने बनते. गेल्या वेळी होतं म्हणून या वेळी असेल असं धरून बसलात तर मतदानाच्या दिवशी हात हलवत परत याल.

अमरावती शिक्षक मतदारसंघातून डिसेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची सहा वर्षं डिसेंबर २०२६ मध्ये भरतात. पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर धरतात. शिक्षकांसाठी नमुना १९, पदवीधरांसाठी नमुना १८. अर्ज तहसीलमध्ये मिळतो, सोबत मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. देऊळघाट ते बुलढाणा तहसील, ऑटोने अर्ध्या तासाच्या आत.