फळ्यापाशी अडलेला पाहुणा

डिसेंबरच्या २२ तारखेस, म्हणजे रामानुजन यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय गणित दिन साजरा करण्याचा शिरस्ता आपल्या माध्यमिक शाळांतून २०१२ पासून पडला आहे. आणि त्या निमित्ताने एखाद्या गणितज्ञास पाचारण करून, प्रतिमापूजन, परिचय, भाषण व आभारप्रदर्शन अशा क्रमाने तास-दीड तासाचा समारंभ पार पाडण्यात येतो. हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या नववीतल्या मुलास त्या दिवशी गणितज्ञ पाहावयास मिळाला, तरी गणित करीत असलेला मनुष्य काही पाहावयास मिळाला नाही, हे शल्य ज्या शिक्षकांशी या विषयावर बोलावे त्यांच्या तोंडून ऐकू येते.

शाळेतील गणिताचे स्वरूपच असे आहे की, पुस्तकातील प्रत्येक उदाहरणाचे उत्तर कोठेतरी शेवटच्या पानांवर छापलेले असते, ते शिक्षकांस ठाऊक असते, आणि पाच-दहा मिनिटांत ते न निघाल्यास तो दोष आपल्या बुद्धीचा, अशी मुलाची हळूहळू खात्री होत जाते. वस्तुतः व्यासंगी गणितज्ञाच्या आयुष्याचा बहुतांश काळ अडून राहण्यातच जातो. महिनोन्‌महिने एकच प्रश्न उशाशी घेऊन निजणे व तो न सुटताच उठणे, हाच त्याचा नित्यक्रम होय. ही गोष्ट सांगून पटत नाही, ती दिसावी लागते. म्हणून पाहुण्याने आपल्या पदव्यांची यादी घेऊन न येता एक प्रश्न घेऊन यावे, आणि मुलांच्या देखत फळ्यापाशी अडावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

असा प्रश्न फार गहन असण्याचे कारण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत अध्यापन करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली जगासमोर ठेवलेली क्रिया चौथीच्या मुलासही करता येते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. आणि आलेल्या वजाबाकीवर पुन्हा तेच करावे. ते १९४९ सालच घेऊन पाहा : ९९४१ मधून १४९९ गेले, ८४४२ राहिले, मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या पायरीस ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले, तर पुन्हा ६१७४च. कोणत्याही संख्येस सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. वर्गातील पन्नास मुलांनी पन्नास निरनिराळ्या संख्या घेतल्या आणि एकामागून एक सर्व जण त्याच मुक्कामी येऊन पोहोचले, म्हणजे वर्गात जी कुजबूज सुरू होते तिच्यातून ‘असे का?’ हा प्रश्न कोणी न शिकवता उठतो. येथे पाहुण्याने घाई करू नये. प्रत्येक वजाबाकीस ९ ने निःशेष भाग जातो, हे एखादी चौकस मुलगी स्वतःच हेरील. ते का, हे शोधण्यास स्थानिक किमतीचे ज्ञान पुरेसे आहे. आणि तीन अंकी संख्यांचे काय, पाच अंकींचे काय, हे प्रश्न फळ्यावर ठेवून पाहुण्याने खुशाल त्या दिवसापुरता निरोप घ्यावा.

न पुसलेल्या फळ्याचे सामर्थ्य किती असते, याचा दाखला जयंत नारळीकर यांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. बनारसच्या त्यांच्या घरी शिक्षणासाठी राहावयास आलेले त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार हे भिंतीवरील फळ्यावर खास भाच्यासाठी म्हणून एखादे आव्हानात्मक गणित लिहून ठेवीत, आणि ते सुटेपर्यंत, अथवा भाच्याने हार मानीपर्यंत, तसेच राहू देत. मामा घरातच होते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. एकदाच येऊन गेलेल्या मामाने हे साधले नसते.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने १८२५ पासून चालू होती. पण गणितावरील पहिली व्याख्यानमाला व्हावयास १९७८ साल उजाडावे लागले. ती ख्रिस्तोफर झीमन यांनी दिली. तिला लाभलेल्या प्रतिसादातून १९८१ पासून शालेय मुलांसाठी गणिताचे वर्ग सुरू झाले, ज्यांत मुले नुसती ऐकत नाहीत, तर कागद-पेन्सिल घेऊन स्वतः झटतात. आपल्याकडे पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणितसंस्था स्थापन केली, तेव्हा नमुन्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. परंतु पुण्याच्या मुलास जे सुलभ आहे ते अक्कलकुव्याच्या वा गडहिंग्लजच्या मुलास मिळावे, तर तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांस व संशोधक विद्यार्थ्यांस शाळेची वाट दाखविली पाहिजे. कापरेकर स्वतः शाळामास्तर होते, एवढे स्मरले तरी पाहुणा मोठ्या नावाचाच हवा हा हट्ट गळून पडेल. मात्र त्याने मुलांच्या मराठीत बोलावे. लसावि आणि मसावि ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांच्यापुढे इंग्रजी संज्ञांची पखरण करू नये.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे, आणि तिची वासलात केवळ उपदेशाने लागणार नाही. शिक्षणखात्याने परिपत्रक काढावयाचे तर ते समारंभाचे छायाचित्र व अहवाल मागविणारे नसावे. महिन्यातून एका शनिवारच्या दोन तासिका परीक्षेच्या जाचातून मुक्त करणारे, पाहुण्याच्या प्रवासखर्चाची तजवीज करणारे, आणि वर्षभर तोच पाहुणा त्याच वर्गावर येईल असे पाहणारे असावे. त्या तासिकांना वर्गाच्या गणितशिक्षकाने स्वागताध्यक्ष म्हणून न बसता मुलांच्या बाकावर बसावे, वही उघडावी, आणि पाहुण्यास शंका विचारावी. कारण पुढला महिनाभर तो फळा त्यालाच सांभाळावयाचा आहे.